जंप तीच आहे का? : वाचकांचे गेमिंगचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतली बहुतेक एकाच दुखण्याची आहेत. जुना प्लॅटफॉर्मर गेम, म्हणजे उड्या मारत खड्डे-अडथळे पार करायचा गेम, नव्या कन्सोलवर 'डीलक्स', 'अल्टिमेट', 'डेफिनिटिव्ह' असलं काहीतरी शेपूट लावून परत आला की घ्यायचा का नाही. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, रेसिंगवाल्यांनी रागवू नका, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : माझ्याकडे सुपर मारियो थ्रीडी वर्ल्ड वी यूवर, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवर आहे, हिरवे स्टार, स्टॅम्प सगळं गोळा करून झालंय. आता तोच गेम त्यांच्या नंतरच्या स्विच कन्सोलवर बाउझर्स फ्युरी या जोडीच्या गेमसकट मिळतो. मित्र म्हणतात डोळे झाकून घे. पण एकदा घेतलेल्या गेमचे पुन्हा पूर्ण पैसे मोजायचं जिवावर येतंय. खरंच घेण्यासारखा आहे का?

उत्तर : डोळे झाकून तर काहीच घेऊ नका. आधी हे बघा की हा गेम परत का आला. मूळ थ्रीडी वर्ल्ड नोव्हेंबर 2013 चा, स्विचवरचा फेब्रुवारी 2021 चा. वी यू हा कन्सोल काही फारसा खपला नाही, दीड कोटीच्या आतच राहिला, आणि स्विच गेला पंधरा कोटींच्या वर, त्यामुळे निन्टेन्डोने वी यूवर अडकून पडलेले चांगले गेम एकेक करून इकडे आणले, 2017 ला मारियो कार्ट 8, 2018 ला डाँकी काँगचा ट्रॉपिकल फ्रीझ, 2019 ला न्यू सुपर मारियो ब्रदर्स यू आणि मग हा. म्हणजे ज्यांनी वी यू कधी बघितलाच नव्हता त्यांच्यासाठी हे सगळे कोरे करकरीत गेम होते आणि कंपनीच्या नजरेसमोर तेच गिऱ्हाईक होतं, तुम्ही नव्हता. हे एकदा मान्य केलं की चिडचिड जरा कमी होते.

आता बदललंय काय ते. सगळ्यात मोठा बदल असा की सगळी कॅरेक्टर आधीपेक्षा जोरात पळतात, आणि मांजराचा सूट घातला की भिंतीवर जास्त वरपर्यंत चढता येतं. ऐकायला किरकोळ वाटतं पण कंट्रोलर हातात घेतल्यावर पहिल्या दोन-तीन लेव्हलमध्येच कळतं, कारण लेव्हल त्याच आहेत, त्यांची मापं तीच आहेत आणि पळण्याचा वेग वाढला की धावत मारलेली उडी लांब पडणारच. मला स्वतःला हा बदल आवडला, मूळ गेममध्ये मोकळ्या मैदानात ही मंडळी जरा रेंगाळल्यासारखी वाटायची. पण तुम्ही सगळं गोळा केलेलं आहे म्हणजे तुमच्या बोटांना जुना वेग पाठ असणार, त्यामुळे सुरुवातीला काही उड्या हमखास पुढे जाऊन पडतील, त्याची तयारी ठेवा.

बाकी चौघांना ऑनलाइन एकत्र खेळता येतं, जे वी यूवर नव्हतंच. गेम मध्येच थांबवून फोटो काढायचा मोड आहे, गोळा केलेले स्टॅम्प त्या फोटोंवर चिकटवता येतात. वी यूच्या गेमपॅडवर बोटाने टच करून जे चालायचं ते आता टीव्हीवर पॉइंटरने करावं लागतं, चालतं पण मजा थोडी कमीच. आणि हो, तुमचा जुना सेव्ह इकडे येत नाही. सगळे हिरवे स्टार तिकडेच राहणार, इकडे शून्यापासून सुरुवात.

राहिला बाउझर्स फ्युरी. हा मात्र खराखुरा नवीन गेम आहे, थ्रीडी वर्ल्डच्या चार जास्तीच्या लेव्हल नाहीत. लेक लॅपकॅट नावाचा एक सलग मोठा भाग, मध्ये लोडिंग नाही, शंभर कॅट शाइन (गोळा करायच्या वस्तू) शोधायचे, त्यातले पन्नास झाले की शेवटच्या मारामारीपर्यंत जाता येतं, आणि हे सगळं चालू असताना ठराविक वेळाने मारियोचा शत्रू, भलामोठा काळा बाउझर उठतो, पाऊस पडायला लागतो आणि तुम्ही जे करत होता ते सोडून पळायची वेळ येते. माझ्या मते मारियोच्या बाबतीत निन्टेन्डोने अलीकडे केलेल्या प्रयोगांपैकी हा सगळ्यात धीट. पण लहान आहे, एखाद्या वीकेंडात मुख्य गोष्ट उरकते. ऑनलाइन नाही, फक्त शेजारी बसलेला दुसरा माणूस बाउझर ज्युनियर होऊन मदत करू शकतो. शिवाय स्विच हातात धरून खेळलात तर हा भाग सेकंदाला 30 फ्रेमने (म्हणजे 30 चित्रांनी) चालतो, टीव्हीला लावला तर 60 ने, तेव्हा शक्यतो टीव्हीवरच खेळा, फरक चांगलाच जाणवतो.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर नुसत्या थ्रीडी वर्ल्डसाठी अजिबात घेऊ नका, बाउझर्स फ्युरीसाठी पूर्ण किंमत देणंही जास्तच होतंय. सेलमध्ये किंवा सेकंडहँड मिळाला तर जरूर. आणि ते मित्र डोळे झाकून घे म्हणतायत ना, त्यांच्याकडे असेलच की, कार्ट्रिज महिनाभर मागून आणा. हेच वी यू कधीच नसलेल्या कोणी विचारलं असतं तर मी दोन वाक्यांत 'घ्या' म्हणून मोकळा झालो असतो, तेवढ्याच पैशात दोन गेम येतायत.

प्रश्न : रिमास्टरचे (जुना गेम सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे) रिव्ह्यू वाचले तर सगळे ग्राफिक्सबद्दलच लिहितात. प्लॅटफॉर्मर घेताना नेमकं काय बघायचं?

उत्तर : उडी बघायची. खरंच, बाकी सगळं नंतर.

गोष्टीवर चालणारा गेम असेल तर चित्र सुधारलं, आवाज सुधारला की काम झालं. प्लॅटफॉर्मरचं तसं नाही, तिथे अख्खा गेम उडीच्या मापाने बेतलेला असतो. बटण किती वेळ दाबलं की किती उंच जातो, वरून खाली किती जोरात येतो, हवेत असताना किती वळवता येतो, कडेवरून पाय सुटल्यावरही एक-दोन फ्रेम उडी मारायची मुभा आहे का, हे सगळं ठरवून मगच खड्डे खणलेले असतात. शिवणाऱ्याने एकाच्या अंगाचं माप घेऊन शिवलेला सदरा दुसऱ्याच्या अंगात घातल्यासारखं होतं बघा, कापड कितीही भारी असलं तरी खांद्यात अडकतं.

आणि हे दुखणं आजकालचं नाही. 1993 साली निन्टेन्डोने सुपर मारियो ऑल-स्टार्स काढला, जुने चार 8-बिट (जाड ठिपक्यांच्या चित्रांचे) मारियो नव्या, जास्त रेखीव 16-बिट रूपात आणि सेव्हची सोय करून, म्हणजे आजच्या सगळ्या डीलक्स लोकांचा हा आजोबाच म्हणा. त्यात पहिल्या मारियोत एक बारीकशी गोष्ट बदलली. मूळ 1985 च्या गेममध्ये डोक्याने वीट फोडली की मारियो लगेच खाली येतो, यात वीट फुटल्यावरही तो वर जातच राहतो. बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही, पण मूळ गेमवर वाढलेल्या माणसाचा त्या फोडाफोडीत ताल चुकतो तो चुकतोच. 2010 मध्ये वी या, वी यूच्या आधीच्या कन्सोलवर पंचविसाव्या वर्धापनदिनाला तोच संच पुन्हा आला, जवळजवळ जसाच्या तसा, म्हणजे ती वीट पण तशीच.

तेव्हा रिव्ह्यूमध्ये शोधायचं ते हे, उडीबद्दल कोणी काही तक्रार केलीय का, गेम 60 फ्रेमवर स्थिर चालतो का, बटण दाबल्यावर उशीर जाणवतो का. मूळ गेम भरपूर खेळलेल्या माणसाने लिहिलेला रिव्ह्यू मिळाला तर तोच वाचा, पहिल्यांदाच खेळणाऱ्याला यातलं काही कळायचं कारणच नाही. आणि शक्य असेल तर जुन्या-नव्याचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघा, पण चित्राकडे बघू नका, पायांकडे बघा.

प्रश्न : जुन्या प्लेस्टेशनवर पहिला क्रॅश बँडिकूट मी झोपेत खेळायचो. आता एन. सेन ट्रिलॉजी (पहिल्या तीन क्रॅशचा नवा संच) घेतलीय आणि त्या पुलांच्या लेव्हलवर नुसता मरतोय. माझे हात गेले की गेम बदललाय?

उत्तर : थोडे हात, बराचसा गेम.

विकेरियस व्हिजन्सने 2017 मध्ये तिन्ही क्रॅश नव्याने बांधले. लेव्हलचे सांगाडे मूळ गेमवरूनच घेतले, पण क्रॅश उडतो कसा आणि पडतो कसा हे नव्याने करावं लागलं, आणि ते करताना त्यांनी पाया धरला तिसऱ्या गेमचा, 1998 च्या वॉर्प्डचा, कारण तिन्हीत तोच सगळ्यात सफाईदार होता. विचार वाईट नव्हता. पण पहिला गेम आहे 1996 चा आणि त्यातले खड्डे 1996 च्या उडीने मोजलेले. गेम आल्यावर आरडाओरडा झाला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की पहिल्या गेममध्ये क्रॅश मूळच्यापेक्षा लवकर खाली येतो आणि त्यामुळे उड्या जास्त अचूक माराव्या लागतात. त्यात भर म्हणजे नव्या क्रॅशचा टक्कर मोजायचा आकार तळाला गोलसर आहे, त्यामुळे कडेवर निसटता पाय पडला की पूर्वी टिकायचा तो आता घसरतो. रोड टू नोव्हेअर आणि द हाय रोड, तुमचे ते दोन पूल, तिथे फळ्या आधीच अरुंद, मग काय, सगळा हिशेब तिथेच चुकता होतो.

उपाय सांगतो. उडीचं बटण शेवटपर्यंत दाबून धरा, टिचकी मारून सोडायची जुनी सवय मोडा. फळीच्या कडेवर नाही, मधोमध उतरायचं बघा. अगदीच नाही जमलं तर पुलाच्या दोरावर चढून चालत जाता येतं, आणि ही पळवाट मूळ गेममध्येही होती म्हणून कोणी नावं ठेवणार नाही. आणि ट्रिलॉजीत नव्याने शिरणाऱ्यांना माझा सल्ला, पहिल्यापासून सुरू करू नका, दुसरा किंवा तिसरा आधी खेळा, हात बसला की पहिल्याकडे या.

एवढं बोललो म्हणून रिमेक टाकाऊ समजू नका हं, उलट काही ठिकाणी तो मूळ गेमपेक्षा दयाळू आहे. मूळ पहिल्या क्रॅशमध्ये सेव्ह करायला बोनस राउंड पूर्ण करावा लागायचा, तो जाच गेला. पूर्वी सगळी खोकी फोडून जेम मिळवायचा तर एकदाही मरून चालायचं नाही, आता साध्या जेमसाठी ती अट नाही, फक्त रंगीत जेमसाठी ठेवलीय. टाइम ट्रायल (घड्याळाशी शर्यत) आता तिन्ही गेममध्ये आहेत, क्रॅशऐवजी त्याची बहीण कोको घेऊन खेळता येतं. आणि स्टॉर्मी असेंट नावाची एक लेव्हल, जी 1996 मध्ये फार अवघड म्हणून काढून टाकली होती पण डिस्कवर तशीच पडून राहिली होती, ती यांनी नीट बनवून दिली. पूल जिंकल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका एवढंच.

प्रश्न : ट्रॉपिकल फ्रीझ स्विचवर मुलीबरोबर खेळते. तिला फंकी काँग घेऊन खेळायला आवडतं पण तिचा मोठा भाऊ म्हणतो ती चीटिंग आहे. आहे का?

उत्तर : नाही हो ताई, आणि मोठ्या भावाला सांगा की तो स्वतः जुन्या मोडमध्ये खेळू दे, त्याला कोणी अडवलेलं नाही. हीच तर त्या आवृत्तीतली चांगली गोष्ट आहे. ट्रॉपिकल फ्रीझ हा मुळात कडक गेम आहे, 2014 मध्ये वी यूवर आला तेव्हा भल्याभल्यांनी अर्ध्यात सोडला होता. स्विचवर त्यांनी लेव्हलना हात न लावता वेगळा फंकी मोड दिला, त्यात फंकीला दोनदा उडी मारता येते, सर्फबोर्डमुळे काट्यांवर उतरलं तरी काही होत नाही, पाण्यात श्वास संपत नाही, पाच हार्ट मिळतात. मूळ मोड शेजारी जसाच्या तसा आहे. सोपं करायचं तर असं करावं, अवघडवाल्यांच्या ताटातलं काढून नाही. मुलीला पुढे डाँकी घ्यावासा वाटला तर त्याच मोडमध्ये त्यालाही एक हार्ट जास्त आहे, ती मधली पायरी छान आहे.

प्रश्न : सॉनिक ओरिजिन्स हा जुन्या सॉनिक गेमचा संच चांगला की जुने सॉनिक वेगवेगळे घेऊ?

उत्तर : वेगवेगळे घ्यायचा रस्ता सॉनिकच्या कंपनीने, सेगानेच बराचसा बंद करून टाकलाय, त्याचाच तर राग आहे. ओरिजिन्स जून 2022 मध्ये आला आणि त्याच्या महिनाभर आधी सॉनिक 1, 2, 3 अँड नकल्स आणि सॉनिक सीडी हे सुटे गेम बहुतेक डिजिटल दुकानांतून काढले गेले. नवीन आणायचं तर आणा, जुनं लपवायची काय गरज होती.

गेम म्हणून बोलायचं तर अॅनिव्हर्सरी मोडमध्ये पूर्ण रुंद स्क्रीन मिळते, आणि सॉनिकला याचा खरा फायदा होतो कारण जुन्या चौकोनी स्क्रीनवर पूर्ण वेगात असताना समोरचा काटा दिसेपर्यंत तो लागलेला असायचा. लाइफ नाहीत, त्याऐवजी कॉइन, ते देऊन स्पेशल स्टेज परत खेळता येते. 1991 च्या पहिल्या सॉनिकमध्ये स्पिन डॅश (जागेवर गरगरून झपकन सुटायची युक्ती) नव्हताच, तो दुसऱ्यात आला, इथे पहिल्यातही वापरता येतो. क्लासिक मोड हवा असेल तर तोही आहे. पण सॉनिक 3 मधल्या काही झोनचं (भागांचं) संगीत बदललंय, आइसकॅप, कार्निव्हल नाइट, लाँच बेस, आणि ज्यांच्या डोक्यात आइसकॅपची मूळ धून बसलीय त्यांना हे चालणारच नाही, मला तर नाहीच चाललं. सुरुवातीला बारीकसारीक बगही होते. पहिल्यांदा सॉनिक खेळणार असाल तर घ्या, सेलमध्ये घ्या. जुन्या कार्ट्रिज आणि चालू कन्सोल घरात असेल तर त्याच्यावरची धूळ झटका, दुसरं काही करू नका.

प्रश्न : घेतलेले सगळेच रिमास्टर मला 'जड' वाटतात. उडी उशिरा लागते. सगळेच वाईट कसे असतील?

उत्तर : नसतीलच, टीव्ही बघा. सेटिंगमध्ये गेम मोड चालू आहे का? नवे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करत बसतात. 60 फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण 16.7 मिलिसेकंद, टीव्हीने शंभर मिलिसेकंद खाल्ले की सहा फ्रेम गेल्या, तेवढ्यात मारियो खड्ड्यात. जुन्या काचेच्या डब्यावाल्या टीव्हीत हा प्रकार जवळपास नव्हताच, म्हणून जुन्या आठवणीत सगळे गेम हलके वाटतात. गेम मोड लावूनही जड वाटलं तर मग गेमला शिव्या द्या.

प्रश्न : मला नवी चित्रं पण आवडतात आणि जुना गेमही तसाच हवा असतो. दोन्ही मिळेल असं काही आहे का?

उत्तर : आहे ना. वंडर बॉय : द ड्रॅगन्स ट्रॅप, 2017 मध्ये लिझर्डक्यूबने केलेला. मूळ गेम 1989 चा, सेगाच्या मास्टर सिस्टिम कन्सोलवरचा. यांनी मूळ गेमचा कोड उलगडून त्यावरच हाताने रंगवलेली नवी चित्रं चढवली, त्यामुळे खेळता खेळता एक बटण दाबलं की सगळं 8-बिट होतं, परत दाबलं की परत रंगीत, आणि उडी दोन्हीकडे तीच. आवाजही वेगळा बदलता येतो. कमाल म्हणजे मूळ गेमचे पासवर्ड यात अजून चालतात, कोणाच्या जुन्या वहीत लिहून ठेवलेले असतील तर टाकून बघा. ब्रेड या कोड्यांच्या प्लॅटफॉर्मरची 2024 ची अॅनिव्हर्सरी एडिशनही अशीच, जुनं-नवं चित्र बदलता येतं, वर गेम बनवणाऱ्यांची तासन्तास चालणारी कॉमेंटरी आहे. ब्रेडची कोडी एकदा सोडवलेल्याला ती पुन्हा सोडवण्यात फार मजा नाही, तेव्हा ती घ्यायची तर कॉमेंटरीसाठी, गेम कसे बनतात यात रस असेल तरच.

प्रश्न : केव्ह स्टोरी प्लस विकत घेऊ का? कोणीतरी म्हणालं हा गेम फुकट मिळतो.

उत्तर : बरोबर म्हणालं. मूळ केव्ह स्टोरी 2004 मध्ये 'पिक्सेल' नावाने काम करणाऱ्या दाइसुके अमाया या एकट्या माणसाने पाच वर्षं खपून केला आणि फुकट दिला, आणि तो आजही फुकटच आहे. 2011 चा प्लस म्हणजे नवी चित्रं, नव्याने केलेलं संगीत आणि जास्तीचे मोड. फुकटवाला कम्प्युटरवर उतरवा आणि पहिला बॉस होईपर्यंत खेळा. आवडला तर तोच पूर्ण करा, प्लस घ्यायचा तो दुसऱ्यांदा खेळावासा वाटला किंवा कन्सोलवर हवा असला तर. नाही आवडला तर चित्रं बदलून आवडेल असं समजू नका, उडी तीच आहे.